सिग्नलला बंद न पडणारी गाडी

आमच्या गल्लीत सम तारखेला डाव्या बाजूला गाड्या लावायच्या आणि विषम तारखेला उजव्या, असा फलक आहे. गेली चार वर्षं मी हा नियम ज्या निष्ठेने पाळला, त्या निष्ठेने नोकरीत हजेरीपटावर सहीसुद्धा केली नाही. सकाळी सातला आंघोळ करून खाली उतरायचं, गाडीचं कव्हर काढून त्याची घडी घालायची, गाडी सुरू करायची, पुढे-मागे बघून पलीकडे न्यायची आणि घडी उलगडून कव्हर पुन्हा चढवायचं. अंतर मी एकदा टेप लावून मोजलं होतं. नऊ मीटर भरलं. एकतीस दिवसांचा महिना संपला की लागोपाठ दोन विषम तारखा येतात. त्या दुसऱ्या दिवशी गाडीला सुट्टी असते, आणि मलाही.

वरच्या मजल्यावर पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांचीही गाडी आहे आणि तीही पलीकडे जाते, पण ती अधूनमधून कोकणातही जाते. सकाळी मी कव्हर चढवत असलो की ते गॅलरीतून विचारतात, "काय, पलीकडचं हवामान कसं आहे आज?" मी उत्तर देत नाही. पेठेत राहायचं तर कुणाचं ऐकू येत नाही हे आधी ठरवून टाकावं लागतं.

गाडी मी निवृत्तीनंतर घेतली. तिच्यात एक सोय होती. सिग्नलला गाडी थांबवून गियर मोकळा केला आणि क्लचवरचा पाय काढला की इंजिन आपणहून बंद व्हायचं. हिरवा दिवा लागल्यावर क्लच दाबला की आपणहून सुरू व्हायचं. तेवढंच पेट्रोल वाचतं आणि हवाही स्वच्छ राहते. ही सोय त्या गाडीत सगळ्यांनाच मिळते, पण मी ती नातेवाइकांना अशी सांगायचो, जणू माझ्या सूचनेवरून कारखान्याने खास बसवून दिली आहे. लग्नकार्यात जेवणाच्या पंगतीत मी अनोळखी माणसांनाही ती समजावून सांगितली आहे. एकाने तर मठ्ठा न पिताच पान सोडलं.

दोनेक वर्षांनी ती सोय बंद पडली. सिग्नलला गाडी थांबवली तरी इंजिन चालूच राहायचं, आणि समोरच्या काचेखाली एक पिवळा दिवा लागायचा.

दुसरा एखादा माणूस वैतागला असता. मी वरवर वैतागलो आणि आतून सुखावलो. त्याचं कारण पुढे येईलच. आधी घरातलं सांगतो, कारण या सगळ्यात खरी ओढाताण झाली ती घरातल्यांची.

आमची एकुलती एक मुलगी खराडीला राहते. ती आणि जावई दोघंही संगणकाच्या कंपन्यांत आहेत. तिला दिवस गेले तेव्हा पुढचा प्रश्न उभा राहिला, की तिची रजा संपल्यावर बाळाला कोण बघणार. हिने, म्हणजे माझ्या बायकोने, लगेच सांगितलं की मी बघीन. तिचे गुडघे दुखतात. पेठेतून खराडीला जायचं म्हणजे मंडईला मेट्रोत बसायचं, सिव्हिल कोर्टला उतरून भुयारातून वर येऊन दुसरी मेट्रो पकडायची, रामवाडीला उतरून बस धरायची, आणि संध्याकाळी हे सगळं उलट करायचं. तेव्हा मी सगळ्यांच्या देखत, डोहाळजेवणाच्या दिवशी, व्याही मंडळी बसलेली असताना म्हणालो होतो, "त्यात काय एवढं? गाडी आहे ना दाराशी. रोज सकाळी आठला हिला सोडीन, संध्याकाळी घेऊन येईन." विहीणबाईंनी कौतुकाने माझ्याकडे बघितलं होतं. मुलीच्या डोळ्यांत तर पाणीच आलं.

बाळ झालं. मुलगी. बघता बघता ती पाच महिन्यांची झाली आणि रजा संपत आली. मी मात्र म्हणायला लागलो, की गाडीचं ते एकदा दुरुस्त होऊ दे. "इथून खराडीपर्यंत सिग्नल किती आहेत माहीत आहे? प्रत्येक ठिकाणी इंजिन चालू ठेवून धूर ओकत बसायचं? आपल्या नातीच्याच पिढीची हवा खराब करायची?" हे मी इतक्या गंभीरपणे बोलायचो, की मलाच थोडं पटायचं.

त्याआधी वर्षभर मी या प्रकरणाचा पाठपुरावा करत होतो. माझी नोकरी एका सरकारी खात्यात, आस्थापना शाखेत गेली. टिपणी कशी लिहावी आणि उत्तर कसं लांबवावं, याबाबतीत मला कोणी काही शिकवावं अशी परिस्थिती नाही. गाडी विकत घेतली त्या दुकानाच्या सर्व्हिस सेंटरला मी पत्र लिहिलं. "विषय: वाहनाचे इंजिन सिग्नलवर आपोआप बंद न होणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर वाहन थांबविले असता इंजिन चालूच राहते व त्यामुळे इंधनाचा अकारण व्यय होऊन निम्नस्वाक्षरीकारास मनस्ताप होतो. तरी याबाबत काय कार्यवाही केली ते कळवावे." दोन मिनिटांत ईमेलवर उत्तर आलं, "आदरणीय ग्राहक, आपण आमच्यासाठी मोलाचे आहात," आणि पुढे एक हसरा चेहरा. दोन मिनिटांत आलेल्या उत्तरावर माझा विश्वास बसत नाही. आमच्या खात्यात बऱ्यापैकी उत्तराला तीन आठवडे लागत. गाडी घेऊन या, असं त्यांनी चार वेळा कळवलं आणि चारही वेळा मी खुलासा मागवला, की गाडी का आणायची. फाईल चांगली जाडजूड होत गेली. मी तिला लेसही बांधली.

गाडीबरोबर मिळालेलं पुस्तकही मी पालथं घातलं. ते इंजिन बंद न होण्याची कारणं त्यात दिलेली आहेत. पट्टा लावलेला नसेल, दार नीट मिटलेलं नसेल, बॉनेट उघडं असेल, इंजिन पुरतं तापलेलं नसेल, एसी जोरात चालू असेल, रस्ता चढाचा असेल, स्टिअरिंग वळवलेलं असेल, तर गाडी इंजिन बंद करत नाही. मुलगी बघायला आलेली मंडळीसुद्धा इतक्या अटी घालत नाहीत. मी प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली. एकच वाक्य सोडलं. बॅटरी पुरेशी भरलेली नसेल, विशेषतः गाडी वारंवार अगदी थोडं अंतर चालवली जात असेल, तर ही सोय काम करत नाही, असं ते वाक्य होतं. ते मी वाचलं, चष्मा पुसला आणि पान उलटलं.

प्राध्यापकांना मी एसीचं कारण पटवून देत होतो तेव्हा ते म्हणाले, "एसी? नऊ मीटरला एसी लावता आपण?"

आता ते आतून सुखावण्याचं सांगतो. कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहिताना अजूनही संकोच वाटतो.

गाडी घेऊन वर्ष झालं असेल. मुलीकडे एकटाच निघालो होतो, तिला लोणच्याची बरणी द्यायला. नगर रस्त्यावर एका मोठ्या सिग्नलला थांबलो. इंजिन नेहमीप्रमाणे आपणहून बंद झालं. उकडत होतं, म्हणून पँटच्या खिशातला रुमाल काढायला मी सीटचा पट्टा सोडला. घाम पुसला. हिरवा दिवा लागला, क्लच दाबला. काहीच झालं नाही. पुन्हा दाबला. गाडी गप्प. आपल्या गाडीत थांबलेल्या इंजिनची शांतता काय असते ते मला तेव्हा कळलं. मागे एक डंपर होता. त्याने हॉर्न दिला आणि मग तो हॉर्नवरचा हात काढेचना. त्याच्या मागच्यांनीही सुरुवात केली. माझे हात स्टिअरिंगवर होते आणि ते तिथून सुटत नव्हते. दिवा लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. चाळीस वर्षं मी माणसांना आत्मविश्वासाने थांबवून ठेवलं होतं, पण ते खिडकीच्या आतून. शेवटी एक रिक्षावाला उतरून आला, वाकून आत बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "आजोबा, पट्टा सोडलाय तुम्ही. आता ती आपोआप नाही होणार. चावी फिरवा की." मी चावी फिरवली. गाडी सुरू झाली.

एवढंच झालं होतं. कुठे खरचटलंही नाही. पण पुढच्या वळणावरून मी गाडी वळवली आणि लोणच्याची बरणी घेऊन घरी परत आलो. हिला सांगितलं, मुलगी घरी नव्हती. त्यानंतर मी गाडी मंडईच्या पलीकडे नेली नाही. मंडईतसुद्धा रविवारी सकाळी, रस्ते रिकामे असताना. बाकी रोजचं नऊ मीटर. अशाने बॅटरी कशी भरणार? ती भरली नाही, सिग्नलला इंजिन बंद पडायचं थांबलं, आणि मला बरं वाटलं. एक तर ती शांतता पुन्हा ऐकावी लागणार नव्हती, आणि दुसरं म्हणजे कुणी विचारलं तर सांगायला कारण मिळालं होतं. मला भीती वाटते असं सांगायची आमच्या घरात पद्धत नाही. म्हणजे मला नाही. बाकीच्यांना आहे.

मुलीची रजा संपायला आठवडा उरला, तेव्हा ही भाजी निवडता निवडता म्हणाली, "शनिवारपर्यंत गाडीचं झालं तर ठीक. नाहीतर सोमवारपासून मी तिकडेच राहायला जाते. रोज जिने चढणं-उतरणं मला जमायचं नाही."

"तिकडेच म्हणजे?"

"म्हणजे तिकडेच. बाळ शाळेत जाईपर्यंत."

"आणि मी?"

"तुम्हाला जावयाकडे राहायचं नाही, हे तुम्हीच सांगितलंय. शिवाय गाडी कोण हलवणार?" ती हे उपरोधाने म्हणाली असती तर मला उलट बोलता आलं असतं. पण तिने ते अगदी साधेपणाने, गॅस कोण बंद करणार अशा सुरात विचारलं होतं. छत्तीस वर्षांच्या संसारात आम्ही चार दिवसांच्या वर वेगळे राहिलेलो नाही.

शेवटी शनिवारी गाडी सर्व्हिस सेंटरला न्यायचं ठरलं. ते मार्केट यार्डच्या अलीकडे आहे, म्हणजे माझ्या हद्दीबाहेर. मी प्राध्यापकांना म्हणालो, "आपण पदार्थविज्ञानाचे. गाडी आपणच चालवून बघा, बिघाड आपल्या लक्षात येईल." त्यांना हा मान वाटला. गाडी त्यांनी चालवली, मी शेजारी फाईल मांडीवर घेऊन बसलो. तिथे पोचल्यावर ते रिक्षाने परत गेले.

माझं प्रकरण एका मुलीकडे आलं. वय चोवीस-पंचवीस, हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र. बोलण्यावरून यवतमाळ-वर्ध्याकडची वाटली. मी फाईल पुढे केली. तिने ती बाजूला ठेवली, गाडीला एक यंत्र जोडलं आणि टॅबवर बघत म्हणाली, "काका, गाडी चांगली आहे हो तुमची. फक्त बॅटरी पोटभर नाही. एकदा सुरू करायपुरती आहे. पण सिग्नलला बंद करून पुन्हा सुरू होईन का नाही, याची गाडीला स्वतःचीच खात्री नाही. म्हणून ती बंदच होत नाही."

असं नेमकं निदान माझ्याबद्दल आजवर एकाही डॉक्टरने केलं नव्हतं.

"तुम्ही चालवता किती?" तिने विचारलं.

"नियमित. रोज."

तिने टॅब माझ्याकडे वळवला. गाडी प्रत्येक फेरीचं अंतर लिहून ठेवते हे मला माहीत नव्हतं. शून्य, शून्य, शून्य, शून्य, मग रविवारी कुठे दीड किलोमीटर, पुन्हा शून्य, शून्य. आस्थापना शाखेत मी माणसांच्या गैरहजेरीचे तक्ते ठेवले, पण इतका स्वच्छ तक्ता माझ्या हातून झाला नाही.

त्यांनी बॅटरी यंत्राला लावून तीन तास भरली. मग ती म्हणाली, "चला, एक रोड टेस्ट घेऊ. तुम्हाला घरीच सोडते." ती गाडी चालवायला बसली. कात्रजला जाऊन बाहेरच्या रस्त्याने वारज्यापर्यंत आणि तिथून कर्वे रस्त्याने परत, असा लांबचा फेरा तिने घेतला. ट्रक शेजारून जात होते, आणि ती मला वर्ध्याला त्यांच्याकडे ट्रॅक्टर कशी चालवायची ते सांगत होती. माझा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. कर्वे रस्त्यावर लागोपाठ तीन सिग्नल लागले. तिन्ही ठिकाणी इंजिन बंद झालं, तिन्ही ठिकाणी सुरू झालं. चौथ्या सिग्नलच्या आधी तिने गाडी कडेला घेतली.

"आता तुम्ही चालवा काका. म्हणजे तुमचं समाधान होईल."

"मी चष्मा विसरलोय," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. चष्मा माझ्या नाकावर होता. तिने पुन्हा गाडी सुरू केली आणि गल्लीच्या तोंडाशी आणून उभी केली.

टॅबवर सही घेताना मी शेरा वाचला. "बिघाड नाही. ग्राहकाने गाडी नियमित चालवावी." शेरा म्हणजे काय असतो ते मला माहीत आहे. मी स्वतः लिहिलेत. मी तिला हळूच म्हणालो, "असं नाही का लिहिता येणार, की प्रकरण विचाराधीन आहे?"

"काका, गाडी विचाराधीन नसते. चालते नाहीतर नाही चालत."

ती रिक्षा करून निघून गेली. गाडी गल्लीच्या तोंडापासून दारापर्यंत मी आणली. जिना चढून वर आलो. ही बॅगेत कपडे भरत होती. तिने फोन बाजूला ठेवला आणि विचारलं, "झाली का दुरुस्त?"

आयुष्यात मी कितीतरी ठिकाणी गोलमाल उत्तरं दिली, पण हिला सरळ खोटं सांगितल्याचं लोणच्याच्या बरणीखेरीज आठवत नाही. मी म्हणालो, "नाही. पुन्हा बोलावलंय."

"बरं," ती म्हणाली आणि साड्या भरायला लागली.

सोमवारी सकाळी ती रिक्षाने गेली. बॅग मी खाली आणून दिली. त्या दिवशी तारीख सम होती, रिक्षा गेल्यावर मी गाडी हलवली.

पुढचा महिना कसा गेला त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सकाळी गाडी, मग पेपर, मग डबा. रात्री मुलगी बाळाचे व्हिडिओ पाठवायची. बाळ पालथं पडायला लागलं. उठून बसण्याची धडपड करायला लागलं. मी ते व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघायचो आणि कुणी विचारलं तर सांगायचो, गाडीचं चाललंय, एकदा झाली की रोजच जाईन. मेट्रोने जाता आलं असतं. हा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही असं मी लिहिणार होतो, पण ते खरं नाही. रोज यायचा. पण घरात गाडी असलेला माणूस मेट्रोने मुलीकडे गेला, म्हणजे त्याने सगळ्यांच्या देखत कबुली दिली, असं मला वाटायचं. म्हणून घरीच बसायचो. हिचा फोन यायचा. ती कधी एका शब्दाने गाडीबद्दल विचारत नसे. याचा मला राग यायचा आणि बरंही वाटायचं.

मग एका सकाळी त्या सर्व्हिस सेंटरमधल्या मुलीचा फोन आला. माझी फाईल तिथेच राहिली होती आणि तिच्यावर माझा नंबर होता. एरवी मी माझा नंबर कुणालाही देत नाही, हिचा देतो. गाडी घेताना दुकानातही हिचाच दिला होता.

"काका, एक विचारायचं होतं. मी तुमच्यासमोर तीनदा गाडी बंद-चालू करून दाखवली ना?"

"दाखवली."

"मग मॅडम असं का सांगून राहिल्या? आमच्याकडून काम झाल्यावर मेसेज जातो. गाडीचं काम झालं, समाधानी आहात का म्हणून. त्या दिवशी तुम्ही घरी पोचायच्या आधीच गेला. त्यांनी तासाभराने 'नाही' दाबलं. मग दर आठवड्याला ऑफिसातून फोन जातो. दर आठवड्याला त्या सांगतात, गाडी दुरुस्त झालेली नाही. तक्रार बंदच होत नाही काका. माझं अजून प्रोबेशन आहे. साहेबांनी लेखी मागितलंय."

मी खुर्चीत बसलो. ती पुढेही बोलत होती, पण माझ्या डोळ्यांसमोर तो शनिवार होता. मी जिना चढून वर आलो तेव्हा हिने हातातला फोन बाजूला ठेवला होता. गाडी ठीक झाल्याचं तिला कळलेलं होतं. तरी तिने विचारलं, आणि मी 'नाही' म्हणालो, आणि ती 'बरं' म्हणाली. आणि मग महिनाभर दर आठवड्याला, बाळाला मांडीवर घेऊन, एका अनोळखी माणसाला तिने माझं खोटं खरं करून सांगितलं होतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्या डंपरसमोरही नाही.

शिवाय ती मुलगी. प्रोबेशनवरच्या माणसाच्या कागदावर एक वाकडा शेरा पडला की काय होतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? मी तिला म्हणालो, "आज संध्याकाळपर्यंत मिटवतो." तक्रार हिच्याच फोनवरून बंद होणार होती. मी हिला फोन करून सांगू शकलो असतो. पण ही गोष्ट फोनवर सांगायची नव्हती.

खाली उतरलो. गाडीसमोर थोडा वेळ उभा राहिलो. चावी खिशात होती. प्राध्यापक गॅलरीत होते आणि मला वाटलं, आता हे काहीतरी बोलणार. पण ते म्हणाले, "कुठे निघालात?" मी म्हणालो, "मुलीकडे. मेट्रोने." चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी गॅलरीतून हात हलवून मला निरोप दिला.

मंडईला मेट्रोत बसलो. सिव्हिल कोर्टला उतरलो. सरकते जिने आहेत, पण त्यांतला एक बंद होता, आणि मग साधा जिना चढताना मी प्रत्येक टप्प्यावर हिचे गुडघे मोजत होतो. रामवाडीला उतरून बसची वाट बघितली. बस आली ती भरलेली. दांडीला धरून उभा राहिलो. पाठीवर लॅपटॉपच्या बॅगा घेतलेली मुलंमुली सगळीकडून दाटली होती. त्यांच्यातल्या एकीने मला जागा दिली. हिलाही कुणी देत असेल का, असा विचार करत बसलो. पाऊण तासात मी पोचलो. महिनाभर मी ज्या घरापासून लांब होतो, ते पाऊण तासावर होतं.

दार हिने उघडलं. बाळ कडेवर होतं. हिने माझ्या मागे बघितलं, म्हणजे गाडी कुठे लावली हे बघितलं असेल. मी आत आलो आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं, कारण बसलो असतो तर जमलं नसतं.

"गाडी ठीक आहे. त्या शनिवारीच झाली होती. मला चालवायची भीती वाटते."

बाळ माझ्या चष्म्याकडे हात करत होतं. हिने तो हात हलकेच मागे घेतला.

"माहीत आहे," ती म्हणाली. "मंडईत जातानासुद्धा गियरवरचा तुमचा हात थरथरतो. मी शेजारीच बसते ना."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल असं वाटलं होतं. बसा आधी. पाणी आणते."

पाणी प्यायल्यावर मी तिला त्या मुलीचं सांगितलं. ते ऐकून मात्र हिचा चेहरा पडला. "अगं बाई, तिला त्रास होईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही," ती म्हणाली आणि बाळाला माझ्या मांडीवर ठेवून चष्मा लावून बसली. मेसेज उघडला. 'समाधानी आहात का' याच्यापुढे तिने दहापैकी दहा दाबले. त्याखाली एक चौकोन होता, आधी असमाधानी असल्यास कारण लिहावे म्हणून.

"काय लिहू?" तिने विचारलं.

चाळीस वर्षं मी दुसऱ्यांचे खुलासे लिहून घेतले. माझा स्वतःचा पहिलाच होता. मी म्हणालो, "लिही, गाडी ठीक आहे, चालवणारा घाबरतो."

तिने एका बोटाने सावकाश टाइप केलं आणि पाठवून दिलं. मी वाकून बघितलं. "गाडी ठीक आहे," एवढंच लिहिलेलं होतं.

"आणि पुढचं?" मी विचारलं.

"पुढचं त्यांना कशाला सांगायचं?" ती म्हणाली.